तपासणीपुरतं ओलं अर्थिंग

आज हुपरीत चांदीच्या एका कारखान्यात नव्या मीटरसाठी वायरिंग तपासायला गेले होते. बाबा आणि मी वायरिंगची कंत्राटं घेतो. मेन स्विच बंद करून अर्थिंग मोजलं. रीडिंग उत्तम आलं, पण भर उन्हात अर्थिंगचा खड्डा ओला होता.

"सकाळी चार बादल्या मिठाचं पाणी ओतलंय की, ताई. समदे असंच करत्यात," मालक हसत म्हणाले.

स्विच चालू करताच शेजारी बायका पुन्हा ओल्या हातांनी मशीनवर पैंजण घासू लागल्या. खड्डा वाळला की अर्थिंग निकामी होणार; तेव्हा त्यांना शॉक बसला तर? मी तपासणीच्या अहवालावर सही केली नाही.

ही युक्ती मला बाबांनीच शिकवली होती. घरी येऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी जुन्या कामांची वही माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "आपण असं कुठं कुठं केलंय, लिहून काढ."

तुमच्याकडे आम्ही काम केलं असेल, तर कळवा. खड्डा कोरडा असताना पुन्हा मोजायला येते.