बाईंच्या पुस्तकातले चौकोन

अक्षर मोडलेलं दिसलं म्हणून भरल्या ताटावरून उठणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकच आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. दिवा गावात एका साखरपुड्यात पत्रिकेवरच्या वेलांट्या शेजारच्या अक्षरांवर गेलेल्या पाहून काकांनी श्रीखंड सोडलं आणि मुलाच्या वडिलांना कोपऱ्यात गाठून फाँट विचारला. माजिवड्याला एका नव्या इमारतीच्या पाटीचे त्यांनी इतके फोटो काढले, की वॉचमनने त्यांना महापालिकेचा माणूस समजून खुर्ची दिली. मानपाडा रोडवर त्यांचं पुस्तकांची आणि लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करून देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक पत्रिका मागायला येतं आणि युनिकोड ऐकून जातं: प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, त्यामुळे कुठल्याही संगणकावर मजकूर तोच राहणार. "राहील हो, पण दिसेल का?" असं मावशी बाजूच्या टेबलावरून विचारते. काका गिऱ्हाइकापुढे फाँटची यादी सरकवतात.

काकांना सहावीत मराठी शिकवणाऱ्या बाई कल्याणला असतात. त्यांनी शाळेच्या आठवणी लिहून काकांकडे दिल्या. काचबिंदूने त्यांची नजर जात चालली होती. पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. काकांच्या पडद्यावर मजकूर नीट होता. छापखान्यात तीच फाइल उघडली की मध्येच रिकामे चौकोन यायचे, जोडाक्षरं सुटी व्हायची. काकांनी सात फाँट बदलले. चौकोन फक्त जागा बदलत राहिले.

छापखानेवाला वैतागला. "काका, सगळ्या अक्षरांची चित्रं करून द्या ना. दहा मिनिटांचं काम. मग कुठेही उघडा, हलणार नाही."

"आणि उद्या कुणी त्यात एखादा शब्द शोधला तर? सापडणार नाही. चित्र केलं की अक्षर मेलं."

"अहो, कोण शोधतंय?"

काका फाइल घेऊन परत आले.

मी कल्याणला राहत असल्यामुळे बाईंचे निरोप माझ्याकडून जात. "त्याला सांग, चौकोन असले तरी चालतील. माझंच लिहिलेलं आहे, मला कळेल." काकांनी ते ऐकून चष्मा पुसला. "बाईंच्या पुस्तकात चौकोन? माझ्या वहीतला एक चुकलेला काना कधी सोडला नाही रे त्यांनी." दिवाळी गेली. संक्रांत गेली.

मार्चमध्ये बाईंना दारातला माणूसही दिसेना, हे मी फोनवर कळवलं. त्या दुपारी काकांनी अक्षरांची चित्रं केली. दहा मिनिटंही लागली नाहीत. आठवड्याने पुस्तक छापून आलं. बाईंनी ते हातात घेतलं, उघडलं. उलटं होतं. मी सुलटं करून दिलं.

आता काका दर गुरुवारी कल्याणला जाऊन त्यांना दोन पानं वाचून दाखवतात. परवा मी तिथे होतो. पानावर चौकोन एकही नव्हता, तरी तिसऱ्या ओळीला काका थांबले आणि चष्मा पुसू लागले.

"काय रे, दिसत नाही का?" बाईंनी विचारलं.

"दिसतंय, बाई."

"मग वाच. मी ऐकते आहे."