बादलीची खुशाली

आमच्या गावाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या फाटकावर एक मोठा फलक आहे. नदीत सोडलेलं पाणी किती स्वच्छ, ते त्यावर हिरव्या आकड्यांत दिवसभर झळकत असतं. त्याच्याखालून मी नाकाला पदर लावून जाते, आणि दरवेळी वाटतं, आपलंच नाक बिघडलं असावं.

काल मात्र तक्रार घेऊन आत गेले. पाणी नदीत पडतं तिथे कठड्यावर एक लाल प्लॅस्टिकची बादली होती, नळाच्या पाण्याने भरलेली. पाणी तपासणारा सेन्सर त्या बादलीत बुडवून ठेवला होता. खाली काळा फेस नदीत कोसळत होता, आणि वर एक वायर बादलीची खुशाली फलकाला कळवत होती.

माझं डोकंच फिरलं. पाणी बिघडलं की लगेच कळावं, म्हणून एवढं हुशार यंत्र आणलं, आणि त्याला ते पाणीच दाखवलं नाही! तापाने फणफणलेल्या पोराचा थर्मामीटर शेजारच्या धडधाकट पोराला लावायचा, आणि ताप उतरला म्हणून पेढे वाटायचे. पलीकडच्या काठावर एक बाई त्याच फेसात कपडे धूत होती.

"हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

तिथला ऑपरेटर गडबडला. "मॅडम, त्या पाण्यात सोडला की आकडे लाल होतात. मग वरून फोन येतात."

मग माझी समजूत काढावी तसा म्हणाला, "पण बादलीतलं पाणी आम्ही रोज बदलतो हं. नाहीतर वास येतो."