शेकबाईची लेक

माझ्या थोरल्या बहिणीला सगळी वस्ती शेकबाई म्हणते. बाळंतिणीला तेल लावायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, शेगडीवर फडकं तापवून कंबर शेकायची, बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घालायची, हा तिचा धंदा. मी तिला अक्का म्हणते. माझी जीभ टाळूला लागत नाही म्हणून ती मला जिभाळी म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही.

अक्काची एक रीत होती. बाळंतिणीच्या खोलीत शिरली की आधी बाळ उचलायची. "तू पड. तुझं काम झालं, आता माझं," असं म्हणून त्या पोरीला भिंतीकडे तोंड करून झोपवायची. बायका रडायच्या, चिडायच्या, सासूवर खेकसायच्या. अक्का म्हणायची, "रडू दे. रडणारी लवकर उठते." दुपार झाली की अक्का आपल्या घरी आणि बाळ आईच्या गळ्यात. त्यामुळे तिची रीत कधी कुणाला बाधली नाही.

यंदा तिची स्वतःची लेक बाळंतपणाला आली. जावई दूर बंदरावर क्रेन चालवतो. त्याला रजा मिळाली ती बाळाचं तोंड बघण्यापुरती. अक्काने बाहेरची कामं सोडली. "लोकांच्या लेकींचं केलं, आता माझ्या लेकीचं करते." मग काय विचारता! शेगडी विझेना आणि अक्का बसेना. फक्त इथे दुपारी उठून जायला दुसरं घर नव्हतं. बाळ दिवसभर तिच्याच खांद्यावर.

भाची रडली नाही की चिडली नाही. दिलेलं खाल्लं, सांगितलं तिथे झोपली. अक्का शेजारणींना कौतुकाने सांगे, "एवढी गुणी बाळंतीण मी जन्मात पाहिली नाही." मीही मान डोलवत होते. एकदा मी भाचीच्या केसांतला गुंता काढत बसले होते आणि बाहेर बाळाने भोकाड पसरलं. मी म्हटलं, "ऐक तुझ्या पिल्लाचा आवाज!"

"ते आईचं आहे, मावशी. आई बघेल."

चेष्टेने म्हणाली असती तर मी हसले असते. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी फणी तिथेच ठेवली आणि अक्काला जाऊन सांगितलं. भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो. बराही होतो, पण वेळ लागतो." गोळ्या दिल्या. मग अक्काकडे वळल्या. "बाळ तिच्या हाती येऊ द्या. रडलं की लगेच धावू नका. जवळ राहा, पण हात मागे ठेवा."

घरी आल्यावर चप्पल काढता काढता अक्का म्हणाली, "रडत नव्हती गं ती. मला कळायला नको?"

"आजार आहे म्हणाल्या ना त्या? तू थोडाच दिलास?"

"गुणी गुणी म्हणत बसले मी."

दिव्याखाली अंधार ही म्हण ज्याने केली, तो आमच्याच घरी येऊन गेला असावा.

मग अक्काचं हात मागे ठेवणं सुरू झालं. पाहवत नसे. बाळ रडायला लागलं की ती घासलेली भांडी पुन्हा घासायची, झाडलेली खोली पुन्हा झाडायची. भाची पलंगाच्या काठावर बसून पाळण्याकडे बघायची, जसं शेजारच्यांच्या पोराकडे बघावं. शेवटी अक्काचाच धीर सुटायचा. "त्याच्या पोटाला काय डॉक्टर कळतो?" म्हणत ती धावायची. तिने घेतलं की ते लगेच गप्प.

काल सकाळी मात्र त्याचं पोट भरलेलं होतं, लंगोट कोरडा होता. नुसतंच रडत होतं. अक्काने ओट्याची कड घट्ट धरली होती आणि मी अक्काला. इतक्यात पलंग करकरला. आम्ही डोकावलो. भाची उठली होती. पाळण्यावर वाकली, एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, अगदी अक्का सगळ्यांना शिकवते तस्सं, आणि तिने बाळ उचललं.

अक्काची बोटं माझ्या हातात रुतली. "छातीशी धर... छातीशी धर गं," ती पुटपुटत होती.

भाची बाळाला घेऊन एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघरात आली. अक्कासमोर उभी राहिली आणि तिने हात पुढे केले.

"घे. तुझ्याकडेच राहतं ते."

अक्काने हात पाठीमागे नेले. "तू घे ना राणी. थोडा वेळ."

"घे ना, आई. माझे हात थरथरतायत."

खरंच थरथरत होते. बाळ निसटलं असतं. अक्काला घ्यावंच लागलं. भाची वळली, खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

आणि तो लबाड! एक हुंदका दिला, अक्काच्या खांद्यावर गाल टेकला आणि शांत झाला. अक्काने त्याला हलवलं, खांदा बदलला, त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. "रड रे," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "माझ्याकडेही रड ना, बाबा." पण त्याला झोप लागली होती.