वानखेडे सरांचा सदतीस

स्टाफरूममधले किस्से खडूच्या भुकटीसारखे असतात. झटकायला गेलं की अंगावरच येतात! सत्तरच्या सुमाराला मी सक्करदऱ्याच्या एका शाळेत सायन्स शिकवत होतो. गणिताला वानखेडे सर. माणूस लाख, पण जीव एका आकड्यावर. ३७!

*

एकदा इन्स्पेक्शन होतं. सरांनी वर्गाला सांगितलं, "एकच अंक तीनदा लिहा. त्या तिन्ही अंकांची बेरीज करा, आणि त्या बेरजेनं ती तीन अंकी संख्या भागा."

कोणी ४४४ घेतला, कोणी ७७७. इन्स्पेक्टर साहेब बाकांमधून फिरले. ज्या-त्या वहीत उत्तर ३७!

साहेब कडाडले, "अख्खा वर्ग कॉपी करून राहिला!"

सर नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुम्हीपण घ्या न एक आकडा."

साहेबांनी ८८८ घेतला, चोविसानं भागला. मग कागद पालथा घातला आणि म्हणाले, "चहा कुठं आहे?"

*

बोकारे बाई मराठी शिकवायच्या. वय विचारलं की कायम "पस्तीस!"

एका दुपारी सर म्हणाले, "बाई, वय सांगू नका. त्याला तीननं गुणा, मग सातनं, मग तेरानं, मग सदतीसनं. फक्त उत्तर सांगा."

बाई बराच वेळ आकडेमोड करत बसल्या. शेवटी विजयानं ओरडल्या, "चार लाख चोवीस हजार दोनशे बेचाळीस!"

हेडमास्तरांनी ते फळ्यावर लिहिलं. ४२४२४२. क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "बाई, एकदा सांगितलं असतं तरी चाललं असतं!"

*

सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी पीटीचे ठाकरे सर पोरांच्या रांगा लावत होते. पोरं सदतीस. दोन-दोन लावली, एक उरला. तीन-तीन, एक उरला. चार-चार, पुन्हा एक!

व्हरांड्यातून वानखेडे सर खुश. "ठाकरे, ती मूळ संख्या आहे! तिले भाग जात नाही गा!"

"असं? मंग तुम्हीच या!"

झेंडावंदनाला एकोणीस-एकोणीसच्या दोन सरळ रांगा होत्या. एका रांगेच्या टोकाला पांढऱ्या हाफपॅन्टमध्ये वानखेडे सर!

*

उन्हाळ्यात सरांना लू लागली. ताप उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, "अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. नॉर्मल."

सर पडल्यापडल्या पुटपुटले, "म्हणजे सेल्सिअसमध्ये सदतीस!"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "अंगातला उतरला. डोक्यातला राहिला."

*

सरांचं लग्न काही जमत नव्हतं. कुहीला मुलगी पाहायला मला सोबत नेलं. आम्ही टेकतो न टेकतो तोच मुलीकडच्या गुरुजींनी पत्रिका मिटली. "छत्तीसपैकी बाराच गुण जुळून राहिले, भाऊ. नाही म्हणून टाका."

सरांचा चेहरा पार उतरलेला. तेवढ्यात मुलगी, कुसुम, पोहे घेऊन आली. रीत म्हणून तिचे वडील म्हणाले, "काही विचारायचं असंन त विचारा."

घाबरलेल्या सरांना दुसरं काय सुचणार! "२५९ ला कितीनं भाग जातो?"

"सदतीसनं," कुसुम म्हणाली. "समोरचा दोन उचलून मांगं ठेवा, ५९२. त्यालेही जाते. मंग पाच मांगं ठेवा, ९२५. त्यालेही!"

हे सरांनाही ठाऊक नव्हतं! त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडला. पोहे गार झाले. मान वर केली तेव्हा डोळे भरलेले होते.

वडील पेचात. "गुरुजी त नाही म्हणतात. काय करू वं, कुसुम?"

कुसुम मान खाली घालूनच म्हणाली, "गुरुजीले सांगा बाबा, छत्तीसच्या पुढचा जुळला."