दोन तास दहा मिनिटं

हर्मिनियाची आई गेली तेव्हा ती जिथे घरकाम करते त्या लाऊ मॅडमनी फोनवर एक पान उघडून तिच्या नाकासमोर धरलं. हाँगकाँग ते मनिला, अकराशे किलोमीटर, विमानाला दोन तास दहा मिनिटं. मग शनिवार-रविवार पुरेत की! हर्मिनियाने आठवडा मागितला होता. मॅडमना वाटलं, मयताच्या नावाखाली बाई मजा मारून येणार.

मीही हर्मिनियासारखीच फिलिपिन्सची, हाँगकाँगच्या त्याच इमारतीत, दोन मजले खाली एका घरी स्वयंपाक करते. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही काय मनिलाच्या विमानतळावर राहतो? हर्मिनियाचं गाव कॅटांडुआनेस बेटावर. मनिलाहून बंदरापर्यंत बारा तास बस, मग तीन तास बोट, पुढे तासभर रिक्षा. ते त्या पानावर कोण लिहिणार?

आमच्यात परदेशी गेलेलं लेकरू आल्याशिवाय आईला पुरत नाहीत. देह टिकावा म्हणून औषध टोचून ठेवतात, शवपेटीचं झाकण उघडं असतं, आणि अंगणात शेजारीपाजारी पत्ते कुटत, कॉफी पीत जागतात. थोरल्या लेकीसाठी ती पेटी सहा दिवस उघडी होती. आता तुम्हाला वाटेल, हे सगळं हर्मिनियाने मॅडमना सांगितलं असेल. छे! नऊ वर्षं त्या घरात राबली, त्यांची दोन पोरं लहानाची मोठी केली, पण 'बरं मॅडम' यापलीकडे हिची जीभ कधी वळली नाही. मला मॅडमपेक्षा हिचाच राग आला.

"तोंड शिवलंय का तुझं?" मी विचारलं.

"जाऊन येते गं ताई, बघू," म्हणाली. आणि गेली.

रविवारी पहाटे बंदरावरून तिचा फोन आला. रात्री कामावर हजर व्हायचं तर त्याच पावली मागे फिरायला हवं होतं. बोटीत चढली की नोकरी गेली. तिकडे भाऊ सांगत होता की सोमवारी सकाळी पुरायचं, आता आणखी थांबता येणार नाही. मी म्हटलं, "मला काय विचारतेस? आई माझी आहे का?" फार लागेल असं बोलले मी. तिने फोन ठेवला.

सोमवारी भाजी चिरताना मी मोबाईल बरणीला टेकवून ठेवला. तिच्या घरचं सगळं तिचा भाऊ व्हिडिओ कॉलवरून मला दाखवत होता. हर्मिनिया पेटीपाशी उभी होती, शनिवारच्याच चुरगळलेल्या कपड्यांत. दोघंजण झाकण धरून तयार होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने सवयीने लगेच घेतला. मॅडमचा आवाज एवढा चढला होता की समुद्रापलीकडे, इथे स्वयंपाकघरात मला ऐकू आला.

"मॅडम, थांबा," हर्मिनिया म्हणाली. "माझ्या आईच्या पेटीचं झाकण लावायचंय."

पलीकडून मॅडम बोलतच होत्या. तिने फोन चालूच ठेवून भावजयीच्या हातात दिला, आणि आईच्या कपाळावरचे केस दोन्ही हातांनी मागे सारले.