सुंठ-गुळाचं घर

आमची सून दूध, दही, तूप, मध, अंडी यांतलं काहीच खात नाही. लग्न ठरलं तेव्हा मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं, "नाना, ती व्हीगन आहे." मी मोठ्या मनाने म्हटलं, "असू दे रे, आपल्याला जातीचं काही नाही."

पण खरा घोळ दिवाळीत झाला. दोघं पुण्याहून धुळ्याला आली होती आणि बेत वरण-बट्टीचा होता. पाहुण्याची बट्टी तुपात बुडाली नाही, तर पाहुणा जेवला असं आमच्याकडे कुणी धरत नाही. सुनेने तूप नको म्हटल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्या बट्टीच्या पिठातच तुपाचं मोहन घातलं. एकदा चव लागली की पोरगी सुधारेल, असा माझा उदात्त हेतू. तिने विचारलं, "नाना, यात तूप नाही ना?" मी म्हटलं, "छे! नुसतं तेल." तिने दोन बट्ट्या खाल्ल्या, वर कौतुकही केलं. हात धुताना आमच्या सौभाग्यवतींनी अभिमानाने सांगून टाकलं, "तुपनं मोहन शे ना, म्हणीसन इतली खुसखुशीत."

सुनेने नुसते हात पुसले. फक्त त्यानंतर ताटात काहीही पडलं की हळूच विचारायची, "यात काय आहे?" पेरूची फोड दिली तरी क्षणभर थांबायची. तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ते थांबणं मात्र मला झोंबायचं. माझ्या हातचं काहीतरी तिने एकदा तरी न विचारता खावं, एवढंच मला हवं होतं.

तिच्या लहानपणी शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. नाताळात त्यांच्याकडे आल्याच्या बिस्किटांचं घर व्हायचं, पांढऱ्या साखरेचा बर्फ पडलेलं. दूध-अंडी सोडल्यापासून तिला ते कधी खाता आलं नव्हतं. हे तिने सासूला सांगितलं होतं, मी ते पेपर वाचता वाचता ऐकलं होतं. नाताळच्या सुट्टीत दोघं येणार म्हटल्यावर मी जाहीर केलं, घर मी बांधणार. नगरपालिकेत मी जन्मभर लोकांच्या घरांचे नकाशे तपासले. पुठ्ठ्यावर नकाशा काढला: चार भिंती, उतरतं छप्पर, धुराडं आणि चहूबाजूंनी नियमाप्रमाणे मोकळी जागा.

अंड्याच्या जागी केळं चालतं असं कुठेतरी वाचलं. माझा मेहुणा सावद्याचा, म्हणजे केळीच्या बागांच्या गावचा, त्यामुळे आमच्या घरात केळ्यांना तोटा नाही आणि केळ्याने सुटणार नाही असा प्रश्नही नाही. कुकरमध्ये वाळू घालून भिंती भाजल्या. पहिली भिंत उभी केली, ती जेवण झालेल्या कारकुनासारखी हळूहळू खाली बसली. सौभाग्यवती कमरेवर हात ठेवून उभ्या. "हाई काय शे? घर शे का गोठा शे?"

मग मी बेकरी गाठली. दिवाळीआधी मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचं आणि डबे भरून नानकटाई आणायची, ही आपली जुनी रीत. बेकरीवाले चाचा ओळखीचे. मैदा, गूळ, सुंठ, दालचिनी, तेल आणि पुठ्ठ्याचे तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. "चाचा, सुनेसाठी आहे. भिंती कडक पाहिजेत."

"सुनेसाठी? मग बघाच तुम्ही!"

धुराड्याची उंचीसुद्धा मी त्यांना समजावून सांगितली. सांगायची ती एकच गोष्ट सांगितली नाही. तूप आणलं नाही म्हणजे तूप घालायचं नाही, हे जगात कुणालाही कळेल असं मला वाटलं.

संध्याकाळी गेलो. भिंती कौलासारख्या खणखणीत. वास मात्र जरा जास्तच छान. चाचा पुढे वाकून म्हणाले, "भाऊ, गडबडीत तूप घरीच विसरले तुम्ही. मी घातलं माझ्याकडचं, गावरान. पाव किलो. दोनदा भाजलं, टोस्टसारखं. पैशाचं नाव काढू नका. सून काय फक्त तुमचीच आहे?"

माझ्या तोंडून "वा!" एवढंच निघालं.

दुसऱ्यांदा करता आलं असतं, अख्खा दिवस हातात होता. पण भिंती इतक्या ओळंब्यात होत्या! नोकरीत मी दुसऱ्यांची किती वाकडी कामं नियमात बसवली, हे तर माझं स्वतःचं होतं. म्हटलं, नुसतं बघेल आणि खूश होईल. गुळाच्या कडक पाकाने भिंती जोडल्या, पिठीसाखर आणि लिंबाचा बर्फ पाडला. भोवती तीळ-गुळाच्या चिक्कीचं कुंपण घातलं.

दोघं आली. सून घरापुढे उभी राहिली. "नाना, हे माझ्यासाठी?" आणि तिने सरळ धुराड्याला हात घातला. न विचारता.

"थांब!" मी ओरडलो. "अजून वास्तुशांती व्हायचीय!"

सगळे हसले. मीही हसलो. मग रोज नवा मुहूर्त काढत राहिलो. मुंग्या लागल्या, तेव्हा मनातून त्यांना आशीर्वाद दिला. पण सुनेने परातीत पाणी घेतलं, मधे पाट ठेवला, पाटावर घर ठेवलं आणि मुंग्यांचा रस्ता बंद केला. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवून म्हणाली, "दूध, तूप, अंडं काही नाही गं. नानांनी सगळं शोधून शोधून केलंय." मी बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी घातलेलं होतंच.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सौभाग्यवती बत्ता घेऊन आल्या. "आते फोडा ते!" छप्पर फुटलं. सुनेने पहिला तुकडा मला दिला, दुसरा स्वतःच्या तोंडाशी नेला.

"त्यात तूप आहे," मी म्हटलं.

मुलगा म्हणाला, "नाना, परत?"

मी चाचांचं पाव किलो सांगितलं. तिने तुकडा ताटलीत ठेवला. "तुम्हाला कधी कळलं?"

"बेकरीतच."

तिने ताटली बाजूला सारली. "चाचांना काही बोलू नका. त्यांना वाईट वाटेल." मग कुंपणाकडे बोट दाखवलं. "हे?"

"ते घरी केलं, मी. तीळ आणि गूळ."

तिने एक पट्टी मोडली, ओठांपर्यंत नेली आणि थांबली. "ताटाला काय लावलं होतं?"

"शेंगदाण्याचं तेल."

तिने खाल्ली. "छान झालीय," म्हणाली. छान झालीच होती. उरलेलं सगळं कुंपण तिने डब्यात भरून पुण्याला नेलं.

घर इथेच राहिलं. सौभाग्यवती त्याला हात लावत नाहीत. "तुम्हीच बांधं ना, तुम्हीच खा," म्हणतात. रोज चहात बुडवून एकेक तुकडा खातो. चवीला अप्रतिम आहे, हीच तर शिक्षा. परवा रस्त्यात चाचा भेटले. "काय भाऊ, सुनेला आवडलं का?"

खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय. म्हटलं, "चाचा, कुंपण फार आवडलं."