ऑटिली पाहुणी झाली तेव्हा

ऑटिली उइसेस हिची आणि माझी ओळख लॉजच्या धुलाईघरात झाली. ओल्या चादरीचे एक टोक तिच्या हाती आणि दुसरे माझ्या हाती, असे करता करता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. तिच्याविषयी लिहावे, असे मला अक्षरे येण्याच्या आधीपासून वाटत होते.

लॉज आमच्या डमारा जमातीच्या गावसमितीचे आहे; रानातले हत्ती पाहायला येणारे पाहुणे तेथे तंबूत उतरतात. जो कामगार सन्मानाने निवृत्त होतो, त्याने शेवटची रात्र पाहुण्यांच्या तंबूत पाहुणा म्हणून काढावी, असा तेथे नियम आहे. नियम चांगला, परंतु तो कोणालाच पेलला नव्हता. माळी एरास्टस मऊ गादीला घाबरून कामगारांच्या खोलीत पळून आला. स्वयंपाकीण पाहुणी म्हणून जेवायला बसली आणि सर्वांची ताटे उचलूनच उठली. ऑटिलीने मात्र निवृत्त होताना सर्वांसमोर सांगितले होते, "न्याहारी होईपर्यंत मी पाहुणीच राहणार. इकडची काडी तिकडे करणार नाही."

"तू?" गाईड गॉटहार्ड म्हणाला. "झोपायच्या आधी चादर धुवायला काढशील!"

"मीच धुतलीय ती. स्वच्छच असणार."

सारे हसले, ऑटिलीही हसली. परंतु तिच्या दृष्टीने ही थट्टा नव्हती. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या झोपेच्या घड्या घालून कपाटात ठेवल्या होत्या. एकदा तरी ती झोप आपल्या वाट्याला यावी आणि आपल्याला ती शोभावी, एवढीच तिची इच्छा होती.

त्या रात्री तंबूत तिला झोप उत्तम लागली. पहाटे उठून तिने ठिगळांचा घोळदार झगा घातला, डोक्याला रुमाल बांधला आणि ती तंबूबाहेर आली. आमच्याकडे बाई उठली की आधी अंगण वाचते. रात्री साप आला की शेजारी, ते वाळूत उमटलेले असते. वाचून झाले की झाडून अंगण कोरे करायचे, म्हणजे पुढच्याचे पाऊल कळते. ऑटिलीने वाचले: म्हातारा हत्ती झाडाच्या शेंगा खाऊन कोरड्या नदीकडे गेला आहे. तिला समाधान वाटले. तंबूमागचा खराटा घेऊन तिने अंगण लख्ख केले.

तेवढ्यात गॉटहार्ड दोन पाहुण्यांना घेऊन आला. पलीकडे सगळा खडक; हत्तीचे ठसे दाखवायचे तर ते याच वाळूत.

"अगं मावशी! आख्खा हत्ती झाडून टाकलास?"

ऑटिलीने हातातल्या खराट्याकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. हत्तीचे तिला काही वाटले नाही; तो पुन्हा येईल. परंतु न्याहारीच्या आधीच ती कामवाली होऊन बसली होती.

"आता यांना काय दाखवू, खराटा? किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना, की सकाळी..."

"गॉटहार्ड!" व्यवस्थापिका हिल्डगार्ड कॉफी घेऊन येत होती. "पाहुण्यांवर ओरडतात का रे?"

गॉटहार्डने टोपी काढली. "चुकलं, बाईसाहेब. हत्ती पसंत नव्हता तर सांगायचं, दुसरा पाठवला असता."

"असू दे," ऑटिली म्हणाली. "पुढच्या वेळी त्याला पाय पुसून यायला सांग."

हिल्डगार्डने तिच्या हातून खराटा काढून घेतला आणि पेला दिला. ऑटिली खुर्चीत बसली. मक्याची उकड, आंबट दूध, निखाऱ्यावर भाजलेला पाव असे सर्व तिने सावकाश खाल्ले. ताट उचलायला हात पुढे झाला, तो तिने मांडीखाली दाबून ठेवला.

ती निघाली तेव्हा झाडलेल्या वाळूत तिची पावले गाडीपर्यंत स्वच्छ उमटली. मी तंबू आवरायला आले होते आणि तोच खराटा माझ्या हाती होता. पाहुणा गेला की त्याची पावले झाडायची, हे काम आम्ही दोघींनी आयुष्यभर केले होते. ती गाडीशी थांबली आणि मागे वळली.

"अगं, एवढं ऐक माझं," ती म्हणाली. "आज दुपारपर्यंत तरी हे अंगण झाडू नकोस."